वाढत्या अंगाचं

१

कंबर मोजताना माणूस खोटं बोलतो. तोंडाने नाही, पोटाने. टेप अंगाला लागला रे लागला की पोट आत, छाती वर, मान ताठ. दारातून आत आलेली बाई वेगळी आणि माझ्यासमोर उभी राहिलेली वेगळी. त्या मापावर ड्रेस शिवला की चार दिवसांनी तीच बाई तणतणत येते, "शुभांगीताई, तुम्ही फारच घट्ट शिवलंत हो." दोष कायम शिवणारीचा असतो, वडापावचा कधीच नसतो.

म्हणून मी एक युक्ती काढली आहे. टेप बेंबीच्या जरा वर धरायचा, मागून आडवा सरळ बसलाय ना ते बघायचं आणि सहज विचारायचं, "आज डब्याला काय दिलंत?" बाई उत्तर द्यायला लागली की श्वास बाहेर पडतो आणि पोट आपल्या जागी येतं. तेव्हा आकडा वाचायचा. मग टेपच्या आत दोन बोटं घालून तेवढं सैल धरायचं, कारण माणसाला बसायचं असतं, जेवायचं असतं. उपनगर नावाच्या आमच्या वस्तीत, बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत, घराच्या पुढच्या खोलीत, लग्न होऊन आल्यापासून मी हेच करते आहे.

लहान मुलांची गोष्ट निराळी. तिथे दोन बोटांवर भागत नाही. "वाढत्या अंगाचं शिवा" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही त्याला मान डोलवीन. पळशाहून फुलं घेऊन येणाऱ्या सखुबाई नातीच्या फ्रॉकचं कापड टाकायला आल्या तेव्हाही तेच.

"लय सैल ठिव गं बाई. यंदा झालं की पुढल्या साली बी आलं पायजे."

"अहो, यंदा पोरगी पोत्यात घातल्यासारखी दिसेल."

"दिसू दे. भरंल ती."

भरेल. माझी मनाली तर जन्मापासून त्या एका शब्दावर वाढली. सातव्या महिन्यात झाली, मूठभर. तिचं पहिलं झबलं मीच शिवलं, तेही दुपटीने मोठं. आत हात घालून तळव्याने ते फुगवून बघायची आणि म्हणायची, भरेल. आता ती चौदा वर्षांची आहे. उंच झाली, पण भरली नाही. तिचे बाबा तिला काडीपैलवान म्हणतात. तरी मी तिचे कपडे मोठेच शिवत आले, आणि त्यातली जी जागा तिने भरली नाही ती तिच्याबरोबर शाळेत जात राहिली, घरी येत राहिली. हे आता सुचतंय. तेव्हा असलं काही मनात येण्याचं कारणच नव्हतं.

२

एप्रिल म्हणजे आमच्या गल्लीत पांढऱ्या कापडाचा महिना. जयंतीला सगळ्यांना नवीन पांढरं हवं असतं आणि सगळ्यांना ते आदल्या दिवशी आठवतं. माझ्या खोलीत बसायला जागा उरत नाही. बाकावर कापड, इस्त्रीच्या टेबलावर कापड, मशीनखाली चिंध्या. या सगळ्यात घरच्या पोरीचा नंबर शेवटी लागतो. त्या वर्षीही मनालीचं माप घ्यायला मला फुरसत मिळाली ती अगदी टोकाला.

"सरळ उभी राहा. क्लासमध्ये आज काय शिकवलं?"

"काही नाही."

"फी त्याचीच भरतोय का आम्ही?"

ती हसली, श्वास बाहेर पडला, आणि मी आकडा वाचला. सत्तावीस.

माझा डोळा एवढा चुकत नाही. मनालीची कंबर चोवीस. साडेचोवीस असती तर मी गल्लीत पेढे वाटले असते. मी टेप सोडला, पीळ पडलाय का बघितलं, पुन्हा लावला. सत्तावीस.

टेप जुना झाला असेल असं वाटलं. पण जुना टेप ताणून लांब होतो, आणि लांब झालेला टेप माप कमी दाखवतो, जास्त नाही. मी खणातून नवा टेप काढला, प्लास्टिकमधून सोडवला. त्यानेही सत्तावीसच सांगितलं. मग स्वतःची कंबर मोजली. ती होती तेवढीच होती, म्हणजे हवी त्यापेक्षा बरीच जास्त. टेपचं काही बिघडलेलं नव्हतं.

कामाचा ढीग समोर होता. मी टेपचं ऐकलं नाही, डोळ्याचं ऐकलं. चोवीस धरून, वर नेहमीसारखं सैल ठेवून कुर्ता शिवला. मनालीने पडद्यामागे जाऊन घातला आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

"काय झालं?"

"चेन लागत नाहीये. मागून ओढतंय."

"मागून? पोटावर म्हणायचंय का तुला?"

"पोटावर नाही गं, मागून."

कुर्त्याच्या आत मी नेहमी भरपूर कापड सोडते. ते उसवून पूर्ण मोकळं केलं तेव्हा चेन लागली. ती पडद्याबाहेर आली. समोरून कुर्ता छान बसला होता, पांढरा रंग तिला खुलतो. कपडा घालून बाहेर आलेल्या प्रत्येक बाईला मी म्हणते, जरा फिरा बघू. ते माझ्या तोंडाला बसलेलं आहे. त्या दिवशी मनालीला मी फिरायला सांगितलं नाही. का नाही सांगितलं ते माझं मला कळलं नाही. मी म्हटलं, "छान दिसतेस, जा," आणि दुसरं कापड हातात घेतलं.

३

जूनमध्ये शाळेचा गणवेश शिवायचा होता. या खेपेला टेप तिसावर गेला.

दुपारची वेळ होती, दुकानात कुणी नव्हतं. मी ठरवलं की आज नीट बघायचं. शिवणारी माणसं पुढचा भाग वेगळा मोजतात आणि मागचा वेगळा. मी टेप तिच्या पोटावर आडवा ठेवला, या कुशीपासून त्या कुशीपर्यंत. बारा. मग मागे जाऊन पाठीवर तसाच ठेवला. बारा. टेप अंगाला चिकटून होता, मध्ये काही नव्हतं. बारा आणि बारा चोवीस, हे मनालीला पहिलीत असल्यापासून येतं. पण तोच टेप गोल फिरवून समोर आणला की तीस.

तेव्हा मी बाजूने वाकून बघितलं. टेप पोटावर टेकला होता, दोन्ही कुशींना टेकला होता. पाठीमागे मात्र तो हवेत होता. लोंबत नव्हता. ताणलेला होता, कशावर तरी टेकून वळल्यासारखा, आणि त्याच्या नि तिच्या पाठीच्या मधून पलीकडची खिडकी दिसत होती.

मी त्या जागेत हात घातला. हाताला काही लागलं नाही. फक्त ऊब होती, खुर्चीतून कुणी नुकतंच उठून गेल्यावर बसायच्या जागेला असते तशी.

"आई, गुदगुल्या होतात," मनाली म्हणाली.

"तुला?"

"मग कुणाला?"

मी टेप गुंडाळून ठेवला. रात्रपाळीसाठी अंबडच्या कारखान्यात निघायच्या आधी मनालीचे बाबा, धम्मपाल, चहा घेत होते, तेव्हा त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. आमच्या घरात अंगारे-धुपारे, उतारे, बाहेरचं-बिहेरचं हे चालत नाही. त्यांच्या वडिलांनी ते सगळं कधीच उंबऱ्याबाहेर टाकलं, आणि मलाही ते पटलेलं आहे. जे आहे त्याला कारण आहे, हे ते नेहमी सांगतात.

"शुभांगी, दिवसभर आकडेच बघतेस तू. डोळे थकलेत."

"अहो, टेप हवेत उभा होता."

"मुलगी वाढतेय. अंगात भरायचं वय आहे तिचं. तूच म्हणत होतीस ना, भरेल म्हणून?"

त्यांनी गमतीने म्हटलं होतं. मी त्यांचा कप उचलून आत नेला.

४

माझी नणंद स्नेहा सरकारी दवाखान्यात नर्स आहे. तिला सुट्टी होती म्हणून ती सकाळपासून आमच्याकडे आली होती, संध्याकाळी मिसळ खाऊनच जाणार असं सांगून. मी तिला आत नेऊन म्हटलं की मनालीची कंबर जरा तू मोज, माझा माझ्यावर विश्वास राहिलेला नाही.

"त्यात काय? आम्ही हल्ली येईल त्याची कंबर मोजतो," स्नेहा म्हणाली. "वजनापेक्षा कंबर खरं सांगते, वहिनी. शुगर, बीपी, सगळ्याची पहिली बातमी तिथे कळते."

ती तिच्या पद्धतीने मोजायला लागली. बरगडीचं खालचं टोक चाचपलं, कमरेचं हाड चाचपलं, दोन्हींच्या मधोमध पेनने बारीक खूण केली. मनालीला पाय जुळवून उभं केलं, श्वास सोडायला लावला. तिचा टेप सेंटीमीटरचा होता.

"शहात्तर," ती म्हणाली आणि थांबली. "वजन किती हिचं?"

"छत्तीस किलो."

"मग शहात्तर कसं येईल?"

टेप मागे वरखाली झाला असेल म्हणून बघायला ती गुडघ्यावर बसली आणि मनालीच्या मागे गेली. मी समोर होते. मला मनालीचा चेहरा दिसत होता, ती मोबाइलमध्ये काहीतरी बघत हसत होती. मग मागे टेपचं टोक खाली पडल्याचा आवाज आला.

स्नेहा उठली, पर्स घेतली, चप्पल शोधायला लागली.

"वहिनी, मला ड्युटीला जायचंय."

"आज सुट्टी आहे म्हणालीस ना?"

"विसरलेच मी," ती म्हणाली. मिसळीचा रस्सा गॅसवर उकळत होता. ती माझ्याकडे न बघता जिना उतरली.

दुसऱ्या दिवशी तिने फोनवर एका डॉक्टरांचं नाव कळवलं. भला माणूस होता तो. सोनोग्राफी केली, रक्त तपासलं, मनालीशी क्रिकेटवर गप्पा मारल्या. सगळं नॉर्मल आलं. "थोडी अशक्त आहे, खाऊ-पिऊ घाला," ते म्हणाले. मी कमरेचं विचारलं. त्यांनी स्वतः टेप घेतला, मोजलं, आकडा बघितला, पोरीकडे बघितलं, पुन्हा आकडा बघितला. मग म्हणाले की मोजताना कधीकधी असं होतं. त्यांना त्याहून जास्त काही म्हणता येणार नव्हतं, आणि मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं.

स्नेहाला मी फोन केला. "मागून काय बघितलंस तू?"

"टेप सरळ होता, वहिनी."

"ते नाही विचारत मी."

"मला तेवढंच माहीत आहे," ती म्हणाली, आणि तिचा आवाज रडका झाला. तेव्हापासून ती आमच्याकडे आलेली नाही. मनालीची चौकशी मात्र रोज करते. मनालीला फोन देते म्हटलं की तिकडे रेंज जाते.

५

मग मी माझं डोकं चालवलं. ते नसतं चालवलं तर बरं झालं असतं.

मी असा विचार केला: जन्मापासून मी या पोरीभोवती रिकामी जागा शिवत आले. रिकामी जागा ठेवली की कुणीतरी येऊन बसतं, हे बसमध्येही खरं आहे. मग जागाच काढून घेतली तर? मला हे वेडेपणाचं वाटत होतं आणि हात चालूच होते. दोन दिवस मी गिऱ्हाइकांचं काम बाजूला ठेवलं आणि मनालीचा एकूण एक कपडा आत घेतला. गणवेश, घरातले कुर्ते, जयंतीचा पांढरा, सगळे. दोन बोटांचंही सैल ठेवलं नाही. अंगाबरोबर म्हणजे अगदी अंगाबरोबर.

"आई, घट्ट होतंय."

"सवय होईल. आता मोठी झालीस, अंगाबरोबरच घालायचं असतं."

पोरगी गुणाची. तिने घातले. चेन लावताना मला जोर लावायला लागायचा, पण लागायची. मला वाटलं, जमलं. कुणीतरी जागा देत होतं म्हणजे कुणीतरी हटत होतं.

थोड्याच दिवसांत मनालीचं जेवण कमी झालं. तीन पोळ्या खाणारी मुलगी अर्धी पोळी ताटात ठेवून उठायला लागली. जिना चढून आली की भिंतीला टेकून उभी राहायची. शाळेतून बाईंचा फोन आला की प्रार्थनेच्या वेळी तिला घेरी आली. मी तिला आत नेऊन कुर्ता वर केला. पोटावर आडवी लाल रेघ होती, कातडी सोलवटेल एवढी खोल, या कुशीपासून त्या कुशीपर्यंत. पाठीवर काहीच नव्हतं. पाठ गुळगुळीत होती.

मी टेप घेतला. पुढून दहा. मागून दहा. आणि गोल फिरवून, तीस.

म्हणजे हटत होतं ते पाठीमागचं नव्हतं. मनाली हटत होती. मी दोन्ही हातांनी चेन ओढून माझी पोर आत दाबत होते आणि मला वाटत होतं की जमलं. सैल ठेवावं तर ते वाढणार, घट्ट करावं तर ती आटणार. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात ते मी आयुष्यात पुष्कळदा म्हटलं असेल, पण आडाच्या काठावर तेव्हा पहिल्यांदा उभी राहिले.

मी रडले. तिथेच जमिनीवर बसून एकेक कपडा उसवला. मनाली माझ्यासमोर तिच्या बाबांचा जुना सदरा घालून बसली होती आणि धागे ओढायला मदत करत होती. "आता बरं वाटतंय," ती म्हणाली. तिने भाकरी मागितली. मग आणखी एक मागितली. तिच्या तोंडावर रंग आला. माझं पोर जेवत होतं, मला त्या क्षणी आणखी काही नको होतं. सदऱ्याच्या मागच्या बाजूकडे मी बघितलं नाही.

६

त्यानंतर मी मोठंच शिवायला लागले. दर खेपेला थोडं जास्त. मनालीची तब्येत सुधारली, गालावर मांस आलं. पुढून पुन्हा बारा, मागून बारा. ती हसायची, मैत्रिणींशी भांडायची, अभ्यासाच्या नावाने टाळाटाळ करायची. लोक म्हणायचे, "पोरगी भरली हो तुमची." मी हो म्हणायचे.

फक्त काही गोष्टी होत्या. ती खुर्चीच्या टोकाशी बसायची आणि मागची सगळी खुर्ची रिकामी सोडायची. दारातून जाताना आधी स्वतः जायची आणि मग एक क्षण थांबायची. सखुबाई एकदा फ्रॉक न्यायला आल्या होत्या, बाकावर बसल्या होत्या. मनाली तिथे बसायला आली. सखुबाई बोलता बोलता सरकल्या, आणखी सरकल्या, पार बाकाच्या कडेला जाऊन फुलांची पाटी मांडीवर घेऊन बसल्या, दोघीतिघींना जागा करून द्यावी तशा. त्यांचं बोलणं थांबलं नाही. शेवंतीला भाव नाही म्हणून त्या बाजारवाल्यांना शिव्या घालत होत्या. आपण का सरकलो हे त्यांनाही ठाऊक नसावं.

एक दिवस धम्मपाल घरी आले ते पिशवी घेऊन. आत मुलींचे टी-शर्ट होते, डबल एक्सेलचे. त्यांनी ते माझ्या मशीनवर ठेवले.

"सेल लागला होता," ते म्हणाले.

या माणसाने आजवर स्वतःसाठी रुमालसुद्धा मी सांगितल्याशिवाय आणलेला नाही. ते समोर बसले आणि हात चोळायला लागले.

"आपण तिघं मावायचो ना गं गाडीवर? तू, मी आणि ती. विहारात जायचो."

"हो."

"काल तिला क्लासहून आणलं. मी आणि ती, दोघंच. मी टाकीवर बसून गाडी चालवली. सीटवर मला जागाच नव्हती."

"मागे वळून बघितलंत?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. कारणावर विश्वास असणारा माणूस तो. मी त्यांना कधी घाबरलेलं बघितलं नव्हतं. मला वाटत होतं की ते आता काहीतरी सुचवतील, आणि त्यांना वाटत होतं की मी सुचवीन. आतल्या खोलीत मनाली मोठ्याने कविता पाठ करत होती.

मी तेव्हाच उठले आणि तिच्या खोलीत गेले. ती दाराकडे पाठ करून खिडकीशी उभी होती, अंगात मी शिवलेला पिवळा कुर्ता. आजपर्यंत टाळलं ते मी त्या दिवशी बघितलं. कुर्त्याची पाठ भरलेली होती. मापात, कुठे चुणी नाही, कुठे ओढ नाही. मी एवढा सुंदर बसलेला कपडा क्वचितच शिवला असेल.

"मनाली, जरा श्वास धर."

"कशाला?"

"धर गं."

तिने श्वास धरला. कविता थांबली. तिचे खांदे स्थिर झाले, खिडकीच्या काचेत तिचे फुगलेले गाल मला दिसत होते. आणि कुर्त्याची पाठ हळूच वर आली, खाली गेली. पुन्हा वर आली. झोपलेल्या माणसाची पांघरुणाखाली येते तशी, अगदी निवांत. मी दाराची चौकट धरून उभी राहिले.

"सोडू का आता?" मनालीने गाल फुगवूनच विचारलं.

"सोड," मी म्हटलं.

७

मनमाडला माझ्या बहिणीच्या मुलीचं, आरोहीचं लग्न ठरलं. मनालीने महिनाभर आधीपासून कापड निवडून ठेवलं होतं, मोरपिशी रंगाचं, त्याला बारीक सोनेरी काठ. तिला लग्नाला जायचंच होतं. मावसबहिणींबरोबर नाचायचं होतं, फोटो काढायचे होते. चौदा वर्षांच्या पोरीला आणखी काय हवं असतं? मी नाही म्हणू शकले नाही. गाडीत कुठे बसवायचं, मांडवात कुठे उभं करायचं, फोटोत काय येईल, याचा विचार मी रोज करायची आणि रोज अर्ध्यावर सोडून द्यायची.

कंबर मी आता अंदाजाने धरते. टेप लावत नाही. भरपूर कापड घेते आणि पाठीला घेर देते, चुण्या घालते, म्हणजे बघणाऱ्याला फॅशन वाटावी. कुर्ता तयार झाला. मनाली तो घालून पडद्याबाहेर आली. समोरून ती इतकी गोड दिसत होती की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिने आरशात स्वतःला बघितलं, केस सारखे केले, आणि मग मानेपाशी हात नेला.

"आई, गळा मोठा कर ना."

"तुला मोठे गळे आवडत नाहीत ना?"

"तरी कर."

"अगं, खांद्यावरून उतरेल. नीट बसलाय की."

"अडकतं गं," ती म्हणाली.

मी तिच्याजवळ गेले. गळ्याची पट्टी बाजूला करून बघितली. तिच्या गळ्यावर, अगदी समोर, आडवी लाल रेघ उमटली होती. मी बोटाने ती चाचपली. मग बोट मानेच्या मागे नेलं. मागे काहीच नव्हतं.

"काय अडकतं, राणी? तुझं डोकं तर आत्ता सहज गेलं."

"माझं जातं," मनाली म्हणाली.

ती माझ्याकडे बघत होती. तक्रार करत नव्हती, घाबरलेलीही नव्हती. आईला सगळं शिवता येतं, अशा भरवशाने बघत होती. तिने एकदा आवंढा गिळला आणि ती लाल रेघ वर सरकून खाली आली. मी तिला कुर्ता काढायला सांगितलं. तो टेबलावर पसरला, खडू घेतला.

"किती मोठा?" मी विचारलं.

ती मान किंचित मागे कलती करून थांबली, कुणाचं तरी ऐकून घ्यावं तशी. मग दोन्ही हात उचलून हवेत तेवढं अंतर धरून दाखवलं. मी तेवढी रेघ आखली आणि कात्री उघडली.